पाहुणी कोण, घरची कोण: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

लिझा डाल्बीवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण रागाच्या भरात लिहिलेलं मागाहून आपल्यालाच वाचवत नाही, म्हणून दोन दिवस थांबले. राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. डाल्बी ही अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ. पीएचडीच्या अभ्यासासाठी १९७५-७६ मध्ये ती क्योतोच्या पोंतोचो या गेइशा-वस्तीत गेली. गेइशा म्हणजे गाण्या-नाचाने बैठकी रंगवणाऱ्या व्यावसायिक कलाकार बायका. तिथल्या बायकांनी तिला इचिगिकु असं नाव दिलं, किमोनो नेसायला आणि वावरायला शिकवलं, बैठकींना बरोबर नेलं. १९८३ मध्ये तिचं पुस्तक आलं. परक्या माणसाने एखाद्या समाजावर लिहायचं तर असं लिहावं, एवढंच मी म्हटलं होतं.

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे, पण तिच्यातलं एक वाक्य दोन दिवस माझी पाठ सोडत नाहीये. ते जसंच्या तसं देते: "वर्षभर शामिसेन वाजवून आणि तोंडाला पांढरं फासून कुणी गेइशा होत नाही, ती शेवटी पाहुणीच, आणि अशा पाहुणीचं कौतुक करणाऱ्या तुमच्यासारख्या हौशी बायांना जपान म्हणजे फोटोंचा अल्बम वाटतो." (शामिसेन म्हणजे तिथलं एक तंतुवाद्य.)

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करते. मी पोंतोचोला 'गिओनमधली गल्ली' म्हटलं होतं. ते चूक आहे. क्योतोत पाच हानामाची, म्हणजे गेइशा-वस्त्या, आहेत: गिओन कोबु, गिओन हिगाशी, मियागावाचो, कामिशिचिकेन आणि पोंतोचो. पोंतोचो म्हणजे कामो नदीच्या पश्चिम काठाने सांजोपासून शिजोपर्यंत गेलेली चिंचोळी गल्ली. गिओन नदीपलीकडे, पूर्वेला. दोघांचे नाचाचे उत्सवसुद्धा वेगळे. इकडचा कामोगावा ओदोरी, तिकडचा मियाको ओदोरी, दोन्ही १८७२ पासूनचे. लेखात दुरुस्ती केली आहे. तुमचे आभार. त्या गल्लीतून मी इतक्या वेळा चालले आहे की ही चूक तुमच्यापेक्षा मलाच जास्त लागली.

आता 'हौशी बाया'.

हौस हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरलात. आणि 'बाया'? माझ्या वडिलांच्या वयाचे वाचक इथे मतभेद नोंदवतात, तेही 'ताई' किंवा निदान 'लेखिका' म्हणून. मतभेदाचं मला वावडं नाही. या ब्लॉगवर माझ्याविरुद्धच्या प्रतिक्रिया मी आजवर काढलेल्या नाहीत. पण समोरच्याने किती वर्षं कशात घालवली आहेत हे विचारायच्या आधीच त्याला अल्बम चाळणारी ठरवायचं, ही कुठली रीत?

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. एकोणीस वर्षं मी पुण्यात जपानी शिकवते आहे. त्याआधी अडीच वर्षं क्योतोत होते, फुशिमी भागात, साकेच्या कारखान्यांच्या मागच्या बाजूला. तिथे दर बुधवारी एका वृद्ध बाईंकडे शामिसेन शिकायला जायचे. त्या गेइशा नव्हत्या. कोउता शिकवायच्या. कोउता म्हणजे दोन-तीन मिनिटांची छोटी गाणी. ती 'बाची' या रुंद पात्याने वाजवत नाहीत, बोटाने आणि नखाने छेडतात, म्हणून आवाज मऊ आणि जवळचा येतो. शिक्षिका आणि शिष्या समोरासमोर, गुडघे दुमडून, टाचांवर बसलेल्या. मी वही काढली की त्या हातानेच खूण करायच्या, आत ठेवा. त्या वाजवणार, मी बघून वाजवणार, चुकलं की "मोउ इचिदो", पुन्हा एकदा. रागावणं नाही, शाबासकीही नाही. पाऊण तासाने उठायला जावं तर पाय आपले आहेत असं वाटायचंच नाही. पहिल्या महिन्यात एकदा मी त्यांच्या तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या चटईवर, सरळ कलंडले. त्यांनी तोंड फिरवून चहाची किटली पुसायला घेतली, मी सावरेपर्यंत.

असाच एक बुधवार सांगते, कारण तुमच्या 'पाहुणी' या शब्दाला माझं खरं उत्तर तेच आहे. शामिसेनला तीन तारा. त्यांतली सगळ्यात जाड तार वरच्या टोकाला मेरूवर टेकवत नाहीत, मुद्दाम मोकळी सोडतात. त्यामुळे ती दांडीला हलकी घासून गुणगुणते. त्या गुणगुणण्याला सावारी म्हणतात. बाईंनी ती तार एकटीच छेडली आणि माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "अहो, ही तर जवारी!" आमच्या घरी मिरजेचा तंबोरा होता. आजोबा संध्याकाळी घोडीवर तारेखालचा दोरा नखाने सरकवत बसायचे. तो केसभर हलला की बंद आवाज एकदम उघडायचा, खोली भरून जायची. हे सगळं मी बाईंना माझ्या तेव्हाच्या तुटक्या जपानीत सांगितलं. त्यांनी हातातलं वाद्य खाली ठेवलं आणि म्हणाल्या की त्यांच्या जपानी शिष्यांना सावारी ऐकायला शिकवावी लागते, तुम्हाला ती न सांगता ऐकू आली. त्या दिवशी गाणं झालंच नाही. आम्ही दोघी आळीपाळीने ती एकच तार छेडत बसलो.

म्हणजे पाहुणी आपला कान बरोबर घेऊन येते. घरच्यांना जे रोजचं म्हणून ऐकू येत नाही, ते तिला येतं. डाल्बीचंही तेच झालं. सोळा-सतराव्या वर्षी ती सागामध्ये एका जपानी कुटुंबात राहिली होती, शामिसेनला तिथूनच सुरुवात झाली. पोंतोचोत ती प्रश्नावली घेऊन उभी राहिली असती तर चहा देऊन वाटेला लावली असती. वाजवता येत होतं म्हणून तिला बसवून घेतलं. तुम्ही 'वर्षभर शामिसेन वाजवून' असं लिहिलंत, जणू तो वेळ घालवायचा छंद होता. 'गेइ' म्हणजे कला, 'शा' म्हणजे व्यक्ती. त्या घरांचा दरवाजा कलेनेच उघडतो, दुसरी किल्ली नाही.

आणि घरची म्हणजे तरी कोण? क्योतोत आज दिसणाऱ्या बहुतेक माइको, म्हणजे शिकाऊ गेइशा, मूळच्या क्योतोच्या नसतात. नववीपर्यंतची सक्तीची शाळा संपवून पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्या जपानच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून येतात. क्योतोची बोली त्यांना घोकून शिकावी लागते, चालायचं कसं, दार कसं सरकवायचं, इथपासून सगळं नवं. घराच्या मालकिणीला ओकासान म्हणायचं, म्हणजे आई. आधी आलेलीला ओनेसान, म्हणजे ताई. ही नाती जन्माने येत नाहीत, जोडली जातात, आणि मग ती पाळावी लागतात. धाकटीच्या नावात थोरलीच्या नावाचं एक अक्षर येतं. डाल्बीच्या ताईचं नाव इचिउमे, म्हणून ही इचिगिकु. 'इचि' ताईचं, 'किकु' म्हणजे शेवंती. नाव दिलं की चुकल्यावर बोलणी ताईला बसतात. ज्या बायकांनी स्वतःच्या घराण्याचं अक्षर तिला दिलं, त्यांनी तिला काय मानलं हे त्या ठरवतील. इथे बसून मी ते ठरवत नाही, तुम्हीही ठरवू नये.

तिने रीतसर पदार्पण केलं नव्हतं, हे तुम्ही मोठा गौप्यस्फोट केल्यासारखं लिहिलं आहे. अहो, मी अभ्यासक म्हणून आले आहे, हे तिने कधी लपवलंच नाही. 'गेइशा झालेली एकमेव गोरी बाई' हे बिरुद वर्तमानपत्रांना आवडलं. आणि २००७ च्या डिसेंबरात टोकियोच्या असाकुसात सायुकी या नावाने जिने पदार्पण केलं, ती ऑस्ट्रेलियन अभ्यासक फिओना ग्रॅहॅम. वर्ष वेगळं, गाव वेगळं, बाई वेगळी. तुमच्या दुसऱ्या परिच्छेदात दोघींची सरमिसळ झाली आहे. माझी गिओनची चूक दाखवताना तुम्ही उद्गारचिन्हं दिली होतीत. मी देत नाही.

'तोंडाला पांढरं फासून' हेही तसंच. ते रंग माइकोचे, आणि गेइकोचे (क्योतोत गेइशाला गेइको म्हणतात) खास प्रसंगीचे. प्रौढ गेइको रोजच्या बैठकीला पांढरा रंग लावतेच असं नाही. डाल्बीच्या पुस्तकात रंगापेक्षा कितीतरी जास्त जागा आहे ती व्यवहाराला. पूर्वी बैठकीचा मोबदला किती उदबत्त्या जळल्या यावरून मोजायचे. बैठकी जिथे होतात त्या चहाघराची मालकीण बाई, शिकवणारी बाई, हिशेब बाईच्या हातात. घरी मुलगी झाली तर आनंद व्हावा अशा मोजक्या जागांपैकी ही एक. आणि माझ्या मते तिचं सगळ्यात मोलाचं निरीक्षण असं की जपानी समाजाने बायको आणि गेइशा हे दोन खण वेगळे केले: घर एकीचं, बैठक दुसरीची. लग्न केलं की गेइशापण संपलं. दोन्ही खणांतल्या बायकांना एकमेकींबद्दल काय वाटतं, हे एका बाईनेच जाऊन विचारलं. अल्बममध्ये हे सापडत नाही.

परक्याने लिहूच नये असं तुमचं म्हणणं असेल, तर परक्यांमध्येही फरक करा. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्टने जपानी मनावरचं आपलं प्रसिद्ध पुस्तक जपानला कधीही न जाता लिहिलं, १९४६ मध्ये. १९९७ ची ती गाजलेली अमेरिकन कादंबरी, 'मेमॉयर्स ऑफ अ गेइशा', लिहिणाऱ्याने गिओनच्या एकेकाळच्या गेइको इवासाकी मिनेको यांच्याशी बोलून लिहिली, आभारात त्यांचं नाव छापलं, आणि २००१ मध्ये इवासाकींना त्याच्याविरुद्ध कोर्टात जावं लागलं. २००३ मध्ये बाहेरच तडजोड झाली. गुडघे दुमडून वर्षभर बसलेली डाल्बी याच रांगेत उभी करायची? आणि आपल्याकडचं बघा. गुंथर सोन्थायमर जर्मनीतून आले, धनगरांबरोबर हिंडले, खंडोबाच्या जत्रांना गेले, ओव्या टिपून घेतल्या. धनगरांच्या देवांविषयी त्यांनी जे जमवलं ते आमच्या शहरी घरांत कुणी जमवलं होतं? आम्ही तर घरचे होतो ना?

तुमच्या प्रतिक्रियेतले बाकीचे मुद्दे. डाल्बी त्याच कादंबरीवरच्या हॉलिवूडच्या सिनेमाची सल्लागार होती: होती, पण सिनेमा दिग्दर्शकाचा असतो. तिच्या हातात परतीचं तिकीट होतं, बाकीच्यांच्या नव्हतं: तिकीट माझ्याही हातात होतं, म्हणून माझे बुधवार खोटे होत नाहीत. विकल्या गेलेल्या मुलींबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, असंही तुम्ही म्हणता. तो माझ्या लेखाचा विषय नव्हता. मासुदा सायो मी वाचली आहे. बाराव्या वर्षी सुवाच्या गेइशा-घरात विकलेली, पुढे कशीबशी अक्षरं गिरवून स्वतःचं आयुष्य लिहून काढणारी. १९५७ मध्ये तिचं पुस्तक आलं. वाचून मला दोन रात्री झोप लागली नव्हती. पण ते नागानोतलं गरम झऱ्यांचं गाव, युद्धाआधीचा काळ. डाल्बी गेली ती वेश्याव्यवसायबंदीचा कायदा १९५८ मध्ये पूर्ण लागू झाल्यानंतर सतराएक वर्षांनी, तेही क्योतोत. आणि बघा, मासुदा घरचीच, इवासाकीही घरचीच. दोघींची जगं एकमेकांना ओळखणारसुद्धा नाहीत. मग 'घरच्या बाईचं ऐका' म्हणताना तुम्ही यांतल्या कुठल्या बाईचं ऐकायला सांगता?

हे लिहिताना एक जुनी गोष्ट वर आली. क्योतोहून परतल्यावर इथल्या एका संस्थेत मी कोउतावर बोलायला गेले होते. बोलणं संपल्यावर एक गृहस्थ उठून म्हणाले, "छान, पण ही सगळी नाचणाऱ्या बायांची गाणी ना?" सभागृहात हसू पसरलं. मी शामिसेन पिशवीत घातली आणि निघून आले. त्यांना काही बोलले नाही. तो 'बाया' आणि तुमचा 'बाया' मला एकाच घशातून आलेला वाटला. कदाचित तुमच्यावर हा अन्याय असेल. असेल तर तसं लिहा, मी वाचेन.

मासुदा सायोवर वेगळा लेख लिहिते आहे, दिवाळीच्या आत टाकेन. त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली तर उत्तर देईन, कितीही कडक असली तरी. फक्त डाल्बीवर पुन्हा लिहिणार असाल तर तिच्या पुस्तकातलं निदान एक पान समोर ठेवून लिहा, आणि मला 'बाया'त धरू नका.