तारेनं ढग पळत नाहीत. न्यूट्रलला जोडलेल्या तारेनं मात्र माणूस जातो

औशाच्या माझ्या मावशीनं नातवाला छतावर चढवून त्याच्या रेडिओच्या अँटेनाची तार उतरवून घेतली. नातू लातूरला तंत्रनिकेतनात शिकतो. हॅम रेडिओची, म्हणजे छंद म्हणून स्वतःच्या सेटवरून लांबच्या लोकांशी बोलायच्या रेडिओची, परीक्षा रीतसर पास झालाय, परवाना फ्रेम करून भिंतीला टांगलाय. ती वीस मीटरची तांब्याची तार त्यानं स्वतः मोजली, कापली, मधोमध पीव्हीसी पाइपचा तुकडा घालून दोन बाजूंना बांधली होती. उतरवायला कारण काय, तर भावकीच्या ग्रुपवर आलेला एक निरोप. "लेकरा, उगं कामून इडापिडा घरावर," एवढंच मावशी म्हणाली, आणि विषय संपला. मी स्वतः हॅम आहे, तेव्हा माझा राग थोडा घरचाच आहे, हे आधी सांगून टाकतो.

निरोप थोडक्यात असा: गावोगावी तरुण छतावर तारा बांधून 'हॅम' नावाचे रेडिओ चालवतात. त्या तारांमुळे ढग पांगतात, म्हणून मराठवाड्यात पाऊस नाही. तार वीज ओढते. घरावर तार असेल तर तिचं एक टोक लाइटच्या न्यूट्रलला जोडा, म्हणजे वीज सुखरूप उतरते. हे लोक एएम फ्रिक्वेन्सीवर बोलून आकाशवाणी बंद पाडतात. त्यांची भाषा सांकेतिक असते. चिमण्या गेल्या त्याही यांच्यामुळेच. मोबाइलच्या काळात याचा उपयोग शून्य. आणि शेवटी, आता परवाना लागत नाही, कोणीही ऑनलाइन वॉकीटॉकी घेऊन बोलू शकतो, 'एएम फ्रिक्वेन्सीची यादी सोबत जोडली आहे'. खाली 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे' आणि 'दहा ग्रुपवर पाठवा'.

म्हणजे आधी हॅमवाले पाऊस पळवणारे हेर, आणि शेवटी तुम्हीही या, सेट घ्या. लिहिणाऱ्यानं स्वतःचा निरोप तरी एकदा वाचायचा होता.

पावसाचं आधी उरकतो. आपल्याकडे ढग पळवणाऱ्याची जागा कधी रिकामी राहत नाही. पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी ढग पळवले, मग मोबाइलच्या टॉवरनी, मग विमानांनी. आता पाळी तारेची. घरी बनवलेला हॅमचा सेट पाच-दहा वॉटचा, बाजारातला चांगला घेतला तरी शंभरेक वॉटचा. परभणीचं आकाशवाणी केंद्र कित्येक दशकं किलोवॉटमध्ये लहरी सोडतंय. लहरींनी ढग पळाले असते तर परभणीचं आतापर्यंत जैसलमेर व्हायला हवं होतं. तेव्हाच्या औरंगाबादेतून २०१५ आणि २०१९ मध्ये सरकारनं विमानं उडवून ढगांत बीजारोपण केलं. एवढा खटाटोप करूनही पाऊस मनासारखा पाडता येत नाही, आणि मावशीच्या छतावरची तार म्हणे तो थांबवते! मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे, हे शाळेच्या भूगोलात आहे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. २०२५ च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यात नद्यांनी शेतं मातीसकट खरवडून नेली. दोन्ही वर्षी हॅमच्या तारा जिथल्या तिथं होत्या.

या मुद्द्यावर हसून सोडून देता येतं. पुढच्यावर नाही.

'तार न्यूट्रलला जोडा' हे वाक्य ज्यानं लिहिलं, त्याला माझं एवढंच म्हणणं आहे की हे वाचून एखाद्यानं तसं केलं तर त्याच्या घरात माणूस मरू शकतो. आणि त्यासाठी आभाळातली वीज पडायचीही गरज नाही, महावितरणची पुरते.

न्यूट्रल म्हणजे अर्थिंग नव्हे. घरातला बल्ब, पंखा, फ्रिज यांतून गेलेला करंट परत जातो तो न्यूट्रलमधून. डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, तो नीट असेपर्यंत त्यात जोर दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं की ही थंड तार. पण खेड्यात न्यूट्रल जातो ही काय नवी गोष्ट आहे? 'न्यूट्रल गेला आन् टीव्ही उडाला' हे प्रत्येक गल्लीत ऐकलेलं आहे. न्यूट्रल डीपीकडून तुटला की घरातल्या चालू उपकरणांतून आलेला दाब त्याच तारेवर येऊन बसतो. आता या निरोपाप्रमाणे तीच तार छतावर वीस मीटर उघडी पसरलेली. शेजारी पत्रे, पत्र्याला टेकलेली कपडे वाळवायची तार, खाली ओली फरशी. पावसाळ्यात कपडे काढायला गेलेल्या बाईला शॉक लागल्याच्या बातम्या आपण वाचतोच. इथं तर तो सापळा आपल्याच हातानं लावायला सांगितलाय.

आणि खरंच वीज पडली तर? विजेच्या एका लोळात हजारो अँपिअर करंट असतो, तीस हजार म्हणजे नेहमीचाच. तो तुम्ही न्यूट्रलमधून थेट घराच्या वायरिंगमध्ये बोलावून घेताय. बोर्ड, मीटर, फ्रिज, आणि त्याच डीपीवरचा शेजारी, सगळे त्याच्या वाटेत.

तार वीज ओढते यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. सहा-सात मीटरवरची तार किलोमीटरभर उंचीच्या ढगाला हाक मारून खाली आणत नाही. ढगातून निघालेला लोळ टप्प्याटप्प्यानं उतरतो आणि नेमकं कुठं पडायचं ते जमिनीपासून पन्नास-शंभर मीटरवर आल्यावर ठरतं. पण त्या टप्प्यात आसपास सगळ्यांत उंच काय आहे याला अर्थ असतो. माळावर एकट्या उभ्या लोखंडी पाइपावर कुणी अँटेना बांधली असेल तर ती नक्कीच जोखीम. शिवाय जवळपास कुठंही वीज पडली तरी लांब तारेत झटका तयार होतो आणि सेट जळतो. म्हणून हॅमचा रिवाज असा: ढग गडगडायला लागले की बोलणं बंद. आणि मृगाच्या आधीच्या वळवाच्या दिवसांत तर काम संपलं की लगेच केबल सेटपासून सोडवून घराबाहेर ठेवायची. गडगडाट सुरू झाल्यावर केबल हातात धरायला जायचं नाही. अँटेनाची केबल घरात शिरण्याआधी बाहेरच अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीकडे वळवणारा भाग, आणि तिथून जाड तारेनं जमिनीत गाडलेल्या अर्थिंगच्या सळईला. आपल्याकडे काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि खाली काळा दगड, त्यामुळे मे महिन्यात कोरडी पडलेली सळई नावापुरतीच उरते. मीठ-कोळसा भरून खड्ड्यात पाणी घालावं लागतं. आणि सगळ्यांत आधीचा नियम म्हणजे तार किंवा तिचा खांब कोणत्याही बाजूला पडला तरी विजेच्या लाइनला लागता कामा नये. अँटेना उभी करताना माणसं दगावतात ती आभाळातल्या विजेपेक्षा अकरा केव्हीच्या लाइनला पाइप लागून. निरोपात याबद्दल चकार शब्द नाही. मावशीच्या नातवानं हे सगळं केलेलं होतं. उतरली मात्र त्याचीच.

आता 'एएम फ्रिक्वेन्सी'. एएम ही फ्रिक्वेन्सी नाही. आवाज लहरीवर कसा चढवायचा याची ती एक रीत आहे. रस्ता वेगळा आणि त्यावरून धावणारी गाडी वेगळी, इतका साधा फरक. परभणी केंद्र एएम वापरतं ते मध्यम लहरींवर, १३०५ किलोहर्ट्झला. हॅमचा आपल्याकडचा आवडता पट्टा ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ, पाचपटीहून वर. एकाच तऱ्हेच्या गाडीत बसले म्हणून दोघे एकाच रस्त्यावर येत नाहीत. कच्च्या सेटचा त्रास अगदी शेजारच्या घरातल्या रेडिओला किंवा टीव्हीला होऊ शकतो, नाही असं नाही. पण तसं झालं तर बोलणं थांबवून आपला सेट दुरुस्त करायचा, ही हॅममधली पहिली शिकवण. तुमच्या घरी परभणी खरखरत असेल तर आधी तो स्वस्तातला एलईडी बल्ब बंद करून बघा. बहुतेक खरखर तिथंच सापडेल.

हॅम लोकांमध्ये एएमवाल्यांची जमात आता छोटी आणि जरा हट्टी आहे. एएमचा आवाज ऐकायला गोल आणि भरदार, पण जागा खातो. बाकीचे ज्या एसएसबी पद्धतीनं बोलतात तिला तीन किलोहर्ट्झच्या आत भागतं, एएमला साधारण सहा लागतात. म्हणून गर्दीच्या पट्ट्यात एएम सोडायचं नाही, ठरलेल्या जागी जमायचं, आधी काही वेळ नुसतं ऐकायचं, मग 'फ्रिक्वेन्सी वापरात आहे का' असं विचारायचं, आणि कुणी नवीन आत येईल म्हणून दोन बोलण्यांच्या मध्ये फट ठेवायची, अशी रीत पडली आहे. सेट जुळवताना हवेत शिट्टी वाजवत बसायचं नाही, त्यासाठी डमी लोड, म्हणजे लहर हवेत न सोडता पचवणारा खोटा भार, असतो.

निरोपासोबतची यादी कुठून उचललीय तेही लगेच कळतं. तिच्यात ७२९० किलोहर्ट्झ ठळक अक्षरात आहे. ही अमेरिकेतल्या एएमवाल्यांची जमायची जागा. त्यांचा पट्टा ७३०० पर्यंत जातो, आपला ७२०० ला संपतो. आपल्याकडे त्याच्या वरची जागा प्रसारण केंद्रांची. म्हणजे ही यादी बघून एखाद्या पोरानं ७२९० वर माइक दाबला तर परवाना असूनही नियम मोडला जाणार. आकाशवाणीची काळजी असल्याचं सांगणारा निरोपच पोरांना प्रसारणाच्या पट्ट्यात पाठवतोय.

सांकेतिक भाषेबद्दल फार लिहीत नाही. १९७८ चे 'इंडियन वायरलेस टेलिग्राफ्स (अॅमॅच्युअर सर्व्हिस) रूल्स' उघडा. बोलणं सरळ, उघड भाषेत हवं, कॉलसाइन (परवान्यासोबत मिळालेली ओळखीची अक्षरं) सांगितलाच पाहिजे, नोंदवही ठेवलीच पाहिजे, गाणी लावायची नाहीत, धंद्याचे निरोप द्यायचे नाहीत, हे सगळं त्यात आहे. '७३' म्हणजे शुभेच्छा, 'सीक्यू' म्हणजे कुणी आहे का, 'क्यूआरएन' म्हणजे आभाळातल्या विजेची खरखर, जी जूनमध्ये आपल्याकडे सगळा पट्टा व्यापून टाकते. तारखात्याच्या जमान्यातले हे संक्षेप कोणत्याही हॅम मार्गदर्शिकेत छापलेले असतात. आणि परवान्याआधी पोलीस पडताळणी होते. आपली ओळख बोलण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी स्वतःच जाहीर करणारा हेर मला अजून भेटायचाय.

चिमण्यांचं खापर आधी मोबाइल टॉवरवर फोडून झालंय, ते पाच वॉटच्या सेटवर उतरवायचं कारण दिसत नाही. सेट चालू असताना उघड्या तारेला हात लावू नका, चटका बसतो, एवढं मात्र खरं.

'मोबाइलच्या काळात उपयोग शून्य.' रोजच्या दिवशी शून्यच, कबूल. हा छंद आहे, छंदाचा उपयोग विचारायचा नसतो. पण हे वाक्य औसा तालुक्यातल्या ग्रुपवर फिरावं? किल्लारी याच तालुक्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अख्खी गावं त्याखाली गेली, सुमारे दहा हजार माणसं. फोन बंद पडल्यावर बाहेरची हॅम मंडळी सेट आणि तारा घेऊन तिथं आली आणि निरोपांची ने-आण केली. १९९९ च्या ओडिशातल्या चक्रीवादळात आणि २००१ ला भुजमध्येही हेच झालं. टॉवरची बॅटरी संपली की मोबाइल गप्प. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर आणि दोन बांबूंच्या मध्ये ताणलेल्या तारेवर चालणारा सेट बोलत राहतो.

राहिला परवाना. 'आता लागत नाही' हे खोटं आहे. हॅम रेडिओला केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा आणि परवाना दोन्ही लागतात. वयाची अट फक्त १२ वर्षं, आणि रिस्ट्रिक्टेड या खालच्या श्रेणीला मोर्सही (टिंब-रेघांची तारेची लिपी) लागत नाही, त्यामुळे अवघड म्हणायलाही जागा नाही. अर्धं खरं इतकंच की ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या चिंचोळ्या पट्टीत ठरावीक कमी शक्तीचे वॉकीटॉकी २०१८ पासून परवान्याशिवाय चालतात. त्यांचा हॅमशी संबंध नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बरेच सेट मात्र १३६ ते १७४ आणि ४०० मेगाहर्ट्झच्या वर कुठंही बोलू शकतात, म्हणजे हॅमच्या पट्ट्याबाहेर, दुसऱ्यांना नेमून दिलेल्या जागांवरसुद्धा. ही माहिती न देता असे सेट विकणाऱ्या संकेतस्थळांना २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोटिसा काढल्या. तेव्हा कुणाच्या पोरानं निरोप वाचून आधीच मागवला असेल, तर सेट कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो ते बघा आणि विकणाऱ्याकडे ईटीए प्रमाणपत्र, म्हणजे सेटला सरकारी मान्यता असल्याचा कागद, मागा. ते नसेल तर परत पाठवा, चार्जिंगलाही लावू नका.