आमदाराला पाडायचा फुकटचा फॉर्म्युला

काल आमच्या आत्याने निवडणुकीच्या वेळी फिरणारा तो मेसेज पाठवला. आत्या, जिच्याकडून आजवर फक्त एकादशीचे फोटो न् गुड मॉर्निंगची फुलं यायची! वर मथळा, "आमदाराला घरी बसवायचंय? मग हे करा." खाली चार मुद्दे. नोटाला (म्हणजे 'यांपैकी कोणीच नको' या बटणाला) सगळ्यात जास्त मतं पडली की निवडणूक रद्द आणि आमदार परत उभाच राहू शकत नाही. यादीत नाव नसेल तरी आधार दाखवून कलम ४९अ खाली चॅलेंज व्होट मागा. तुमचं मत आधीच कोणी टाकलं असेल तर टेंडर व्होट मागा, ते १४ टक्क्यांवर गेले की फेरमतदान. आणि समोर उभा राहणारा नवा माणूस पडतोच, त्याला मत म्हणजे वाया. त्याखाली आत्याने स्वतः टाइप केलेलं, "आते नोटालेच मत देवानं", म्हणजे आता नोटालाच मत द्यायचं.

४९अ चं आधी बोलतो, कारण त्याचा फटका आत्याच्याच घरात बसलाय. २०२४ च्या विधानसभेआधी मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओ ताई घरी येऊन सांगून गेल्या होत्या की तुमच्या मुलाचं नाव यादीत नाही, नाव नोंदवायचा फॉर्म ६ भरा. आमचा आतेभाऊ जळगावला एमआयडीसीत अपडाउन करतो, तो म्हणे कशाला, आधार आहे, ४९अ आहे. मतदानाच्या दिवशी झेडपीच्या शाळेत मोबाइल पुढे धरून अर्धा तास भांडला, केंद्राध्यक्ष एक गुरुजी होते, त्यांनी दोनदा यादी चाळून दाखवली, मागे रांग ओरडत होती, शेवटी बोटाला शाई न लागताच घरी आला.

निवडणूक संचालन नियम १९६१ मध्ये ४९अ कशाबद्दल आहे माहितीये? ईव्हीएमच्या बनावटीबद्दल! मशीनला एक कंट्रोल युनिट असेल न् एक बॅलट युनिट असेल, एवढंच. चॅलेंजचा नियम वेगळा, ४९जे, आणि तो मतदाराने मागायचा नसतोच. उमेदवाराचा पोलिंग एजंट २ रुपये भरतो आणि म्हणतो की मत द्यायला आलेला हा माणूस यादीतला तो नव्हेच. म्हणजे जे तुमच्याविरुद्ध वापरायचं तेच तुम्हाला मागायला लावलंय, मेसेज लिहिणाऱ्याने नियम उघडूनही पाहिला नाही. यादीत नाव नाही तर मत नाही, विषय संपला.

टेंडर व्होट मात्र असतं, मान्य. नियम ४९पी. पण त्यात कागदी मतपत्रिका मिळते, ती पाकिटात सील होते आणि मोजणीत धरत नाहीत, कोर्टाने मागवली तर गोष्ट वेगळी. १४ टक्के हा आकडा त्या नियमात कुठेही नाही.

नोटाचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने सांगतो. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये महापालिका-नगरपालिकांसाठी तसा आदेश काढला होता, नोटा पुढे गेलं तर फेरनिवडणूक. पण आमदारकी भारत निवडणूक आयोगाकडे, तिथे नोटाला कितीही पडोत, उमेदवारांत जो पुढे तोच आमदार. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दोन नंबरला होतं, २७ हजारांवर मतं. काय झालं? काही नाही. आणि ज्यांना आमदार नकोय त्यांचीच मतं नोटात गेली तर आमदाराने पेढेच वाटायचे की!

नवा माणूस पडतोच म्हणे. अमळनेरला २०१४ मध्ये शिरीष चौधरी अपक्ष निवडून आले, २०१९ ला आमदार असताना अनिल पाटलांनी त्यांना पाडलं. अक्कलकुव्यात आमश्या पाडवी २०१९ ला के. सी. पाडवींकडून थोडक्यात हरले आणि २०२४ ला त्याच के. सी. पाडवींना तीन हजारांच्या आत हरवून आमदार झाले. सगळेच येत नाहीत, पडणारे जास्त, पण "पडतोच" हे कोणी ठरवलं?

हे सगळं आत्याला फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प, मग म्हणे, "मंग तुना भाऊनं नाव?" फॉर्म ६ तेव्हापासून टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये कोराच पडलाय.