चंद्रपूरची हवा ‘स्वच्छ’ ठरवणाऱ्या संदेशाला उत्तर

चंद्रपुरात सध्या एक संदेश हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा की हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (तो जितका मोठा तितकी हवा खराब) शंभराच्या आत आला आहे, वीज केंद्रातून बाहेर पडते ती निव्वळ वाफ आहे, गंधक काढणारी यंत्रणा लागत नाही असे सरकारनेच ठरवले आहे, दिसते ती धूळ रस्त्याची आहे, आणि एवढे जंगल उशाशी असताना प्रदूषणाची ओरड करणे ही जिल्ह्याची बदनामी आहे. यातल्या बऱ्याच विधानांत थोडे तथ्य आहे, म्हणूनच ती पटतात आणि म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

संदेशाला जोडलेले निर्देशांकाचे चित्र पावसाळ्यातले आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस हवेतले कण खाली बसवतो, त्यामुळे तेव्हाचा आकडा वर्षाचा साक्षीदार होऊ शकत नाही. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन वरच्या उबदार थराखाली कोंडते आणि सकाळी दहापर्यंत धूर हलत नाही, तेव्हाचे आकडे पाहायला हवेत. शिवाय ‘शंभराच्या आत’ म्हणजे किती, हेही नीट समजून घ्यावे. आपल्या निर्देशांकात १०० या आकड्याला पीएम २.५ चे, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचे, प्रमाण दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असते, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची चोवीस तासांची शिफारस १५ ची आहे. तसेच चंद्रपूरचा हा आकडा शहरातल्या आणि खुटाळा एमआयडीसीतल्या हवा मोजणाऱ्या केंद्रांवरून येतो. जिल्ह्यातल्याच घुग्घुस किंवा राजुऱ्याचा माणूस काय श्वासात घेतो, ते त्यात उमटत नाही.

कूलिंग टॉवरमधून पांढरी वाफ निघते हे खरे आहे, परंतु चिमणी वेगळी आणि कूलिंग टॉवर वेगळा. २,९२० मेगावॅटच्या या वीज केंद्रात कोळसा जळतो आणि त्याचा धूर चिमणीतूनच जातो. चिमणीच्या आधी बसवलेली ईएसपी यंत्रणा विजेच्या भाराने धुरातली राख पकडते, हेही मान्य. मात्र हजार टन राखेपैकी ९९.९ टक्के पकडली तरी एक टन सुटतेच, आणि सुटते ती सर्वांत बारीक, फुप्फुसात खोलवर जाणारी. वायूंना तर ईएसपी अडवतच नाही.

गंधकाविषयीच्या दाव्यात मोठी गफलत आहे. जुलै २०२५ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने देशातल्या बहुतांश औष्णिक केंद्रांना ही यंत्रणा बसवण्यातून सूट दिली खरी. पण अतिप्रदूषित क्षेत्रांपासून किंवा हवेची मानके न पाळणाऱ्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आत असलेल्या केंद्रांचा निर्णय एकेक प्रकरण तपासून व्हायचा आहे, आणि चंद्रपूर या दोन्ही याद्यांत आहे. आपल्या कोळशात गंधक कमी असते, असेही सांगितले जाते. ते अर्धा टक्का धरले, तरी हजार टन कोळशातून पाच टन गंधक आणि त्यापासून सुमारे दहा टन सल्फर डायऑक्साइड तयार होतो. हा वायू वाऱ्याबरोबर जाता जाता सल्फेटचे सूक्ष्म कण बनतो, म्हणजे चिमणीजवळ मोजून काही सापडले नाही तरी तो पुढच्या गावात पीएम २.५ म्हणून मोजला जातो.

आता रस्त्याची धूळ. रस्ता दोषी ठरला की कारखाने सुटले, असे संदेश लिहिणाऱ्याने गृहीत धरले आहे, आणि मला सर्वांत जास्त खटकते ते हेच. दुर्गापूर, पद्मापूर किंवा घुग्घुसच्या रस्त्यावर ही धूळ कुठून येते? हायवा ट्रक, म्हणजे मोठे डंपर, खाणीतून माल भरायच्या रेल्वे सायडिंगकडे कोळसा नेतात, ताडपत्री अर्धवट बांधलेली असते, खड्ड्यात चाक आदळले की चार खडे सांडतात आणि मागून येणारी चाके त्यांचे पीठ करतात. राखेच्या गाड्यांचेही तेच. उन्हाळ्यात आमच्याकडे गच्चीवर कुरड्या वाळत घातल्या की वर जुनी सुती साडी पसरतात. संध्याकाळी ती झटकताना बोटांना काळी, खरखरीत भुकटी लागते, आणि घडीत राखाडी, मऊ थर राहतो. पहिली कोळशाची, दुसरा राखेचा. या धुळीला ‘रस्त्याची’ म्हणणे म्हणजे सांडलेल्या दुधाला जमिनीचे दूध म्हणण्यासारखे आहे.

घरोघरच्या कोळशाच्या शेगड्या आणि जाळला जाणारा कचरा हेही प्रदूषणाचे स्रोत आहेत हे खरे, आणि त्यांवरही काम व्हायला हवे.

बदनामीच्या आरोपाबद्दल एवढेच सांगतो की केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये हवा, पाणी आणि जमीन मिळून ८८ औद्योगिक क्षेत्रांचे मूल्यमापन केले, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथे होते आणि २०१० मध्ये येथे नव्या प्रकल्पांवर स्थगिती आली होती. हा सरकारी आकडा कोणा आंदोलकाने रचलेला नाही.

राहिले जंगल. ताडोब्याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे; पण हे पानगळीचे जंगल आहे. पाने धूळ धरतात, आणि हवा कोरडी व धुळीची असते त्याच दिवसांत, हिवाळा सरून ऊन तापू लागते तेव्हा, साग नि मोह निष्पर्ण उभे असतात. त्याच सुमारास मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि जंगलाकडूनही गावाकडे धूर येतो.