ड्रायर बंद, कंप्लेंट मात्र 'क्लोज'

आज अकरावा दिवस. वॉशिंग मशिनचा ड्रायर बंद पडून अकरा दिवस झाले आणि आज सकाळी मी बाथरूममध्ये सासूबाईंचं लुगडं पिळत असताना मोबाईलवर मेसेज आला. आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, सेवेबद्दल अभिप्राय द्या. अभिप्राय हवाय ना? हा घ्या.

आधी आमचं घर सांगते, म्हणजे मी का पेटलेय ते कळेल. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ तीन खोल्यांचा फ्लॅट आणि घरात नऊ माणसं. सासू-सासरे, आम्ही दोघं, आमची दोन मुलं, दीर-जाऊ आणि त्यांचं चार महिन्यांचं बाळ. हे आणि भाऊजी दोघेही अंबडला कंपनीत, दोघांच्या शिफ्ट वेगळ्या, आणि एकेकाला युनिफॉर्मचे दोनच जोड. मुलांचे शाळेचे गणवेश वेगळे, पीटीचे पांढरे वेगळे. बाळाची दुपटी, लंगोट, झबली मिळून दिवसाला वीस-पंचवीस नग. शिवाय नऊ टॉवेल. हे सगळं रोज. एक दिवस धुणं चुकलं तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी बिनकपड्यांचं राहील अशी अवस्था.

आणि वर हा नाशिकचा पाऊस. तिकडे इगतपुरी-त्र्यंबकला धो धो कोसळतो, इकडे आपल्या वाट्याला दिवसभर भुरभुर. पडून मोकळाही होत नाही. ऊन म्हणून बघायला मिळत नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं गाव गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीला कुठपर्यंत पाणी आलं ते बघायला जातं. मला विचारा पाणी कुठपर्यंत आलंय ते. माझ्या हॉलमध्ये दोऱ्यांवरून टपकून सोफ्याच्या पायापर्यंत आलंय.

ज्यांना वाटतं की ड्रायर म्हणजे श्रीमंतांची चैन, त्यांच्यासाठी सांगते. आमचं साधं सेमी-ऑटोमॅटिक मशिन आहे. ड्रायर म्हणजे त्यातला दुसरा टब, गरम हवेचा वगैरे नाही. तो नुसता फिरतो, मिनिटाला तेराशेच्या आसपास फेरे, आणि कपड्यातलं पाणी भोकांतून बाहेर फेकतो. बस, एवढंच काम. पण त्या पाच मिनिटांत जे पाणी निघतं ते मनगटांनी पिळून निघत नाही, कितीही जोर लावा. ड्रायरमधून काढलेली जीन्स हाताला नुसती गार लागते. पंख्याखाली टाकली की सकाळची संध्याकाळपर्यंत घालण्याजोगी होते. हाताने पिळलेली जीन्स तिसऱ्या दिवशी कमरेच्या पट्टीत आणि खिशांत ओलीच.

लुगड्याचं तर विचारूच नका. नऊ वार कापड पाण्याने फुगतं तेव्हा ते एकटीला उचलतही नाही. जाऊ बाळंतपणातून आत्ता कुठे उठतेय, तिला मी जोर लावू देत नाही. मग एक टोक नळाला अडकवायचं, दुसरं दोन्ही हातांत धरून पीळ घालत मागे सरकायचं. सरकत सरकत पाठ दाराला टेकते तरी पीळ पुरा होत नाही. पाणी कोपरांवरून ब्लाऊजमध्ये उतरतं. अकरा दिवसांत उजव्या अंगठ्याच्या बुडाशी अशी ठणक लागलीय की पोळ्या लाटताना लाटणं सुटतं. सासूबाई म्हणाल्या, राहू दे गं, मी दोन दिवस एकच नेसते. सत्तरीच्या बाईला असं म्हणायला लागावं याची मला लाज वाटते, आणि त्याहून जास्त राग येतो.

घरात कुबट वास भरलाय. कपडे दमट राहिले की त्यात जंतू वाढतात, तो वास त्यांचाच. पुन्हा धुतले तरी पुन्हा दमटच राहतात, म्हणून पुन्हा तोच वास. घरातल्या घरात वाळत घातल्याने कपाटामागच्या भिंतीला ओल धरलीय, काळे ठिपके आलेत. परवा बाळाच्या मांडीला पुरळ आलं. जाऊ काही बोलली नाही, पण आता रात्री बारा वाजता उठून ती एकेक लंगोट इस्त्रीने वाळवते. माझी आजी पावसाळ्यात टोपलीखाली निखारे ठेवून वर लंगोट शेकवायची. तिच्याकडे निदान शेगडी होती. फ्लॅटमध्ये मी निखारे कुठे पेटवू?

आता कंपनीचं ऐका.

पहिल्या दिवशी टब 'घूंऽऽ' करून थांबला आणि जळका वास आला. लगेच फोन केला. मशिन दसऱ्याला घेतलेलं, चार वर्षंही पूर्ण नाहीत. कार्डावर स्वच्छ छापलंय, मशिनला २ वर्षं, मोटरला ५ वर्षं. तिसऱ्या दिवशी एका मुलाचा फोन. 'ताई, येतोच आहे, तुमच्या मोबाईलवर कोड आलाय तो सांगा, व्हिजिट टाकायचीय.' सांगितला. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी चौकशी केली तर म्हणे कंप्लेंट क्लोज झालीय, ग्राहकाने कोड दिला म्हणजे काम झालं. माझ्या तोंडून कोड काढून घेतला आणि माझ्याच नावावर खोटं लिहून टाकलं! मी विचारलं, माणूस आला नाही, मशिन कुणी उघडलं नाही, तर काम झालं कसं? पलीकडची मुलगी म्हणाली, मॅडम, नवीन कंप्लेंट घेऊ का?

नवीन घेतली. सातव्या दिवशी एक जण आला. उभ्याउभ्या बटण फिरवलं, झाकण दोनदा उघडलं-लावलं, मागचा पत्रा खोललासुद्धा नाही, आणि म्हणाला मोटर गेली. म्हटलं बरं, मोटर वॉरंटीत आहे. तर म्हणे मोटर फ्री, पण सील वेगळं, बुश वेगळे, लेबर वेगळं, व्हिजिट चार्ज वेगळा, वर १८ टक्के जीएसटी. फुकटातल्या मोटरसाठी २,४०० रुपये! आणि पार्ट आला की फोन करतो म्हणून गेला, तो गेलाच. आज पुन्हा क्लोज. या वेळी तर कोडसुद्धा कुणी मागितला नाही.

ही मोटर गेली कशाने तेही सांगते, कारण खालच्या मजल्यावरचे इलेक्ट्रिशियन काका रोज हेच काम करतात. ड्रायरच्या टबाच्या बरोबर खाली मोटर बसवलेली असते आणि मधल्या दांड्याला एक रबरी सील असतं. ते सील झिजलं की टबातलं पाणी थेंब थेंब मोटरवर. आधी बेअरिंग गंजतं, मग मोटर अडकते, मग आतल्या तारेचं वाइंडिंग जळतं. म्हणजे पाणी आणि विजेची मोटर यांच्यामध्ये एक रबराचा तुकडा, तो झिजणार हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक, आणि नेमका तोच वॉरंटीत नाही! काका म्हणाले, अर्ध्या दिवसात करून देतो. पण त्यांनी पत्रा खोलला की कंपनी म्हणणार, बाहेरच्याचा हात लागला, वॉरंटी संपली. म्हणजे करणारा माणूस दोन जिने खाली बसलाय आणि मी त्याला हात लावू देऊ शकत नाही.

आणि सगळ्यांचा एकच सल्ला, नवीन घ्या. आलेला माणूस जाता जाता म्हणाला, ताई, एक्स्चेंजची ऑफर चालू आहे. नणंद फोनवर तेच म्हणाली. का घेऊ? धुण्याचा टब ठणठणीत चालतोय, बॉडीला एक ओरखडा नाही. एका सीलपायी अख्खं मशिन भंगारात घालू? आमचे हे म्हणाले, अगं दोन दिवस ओलं राहिलं तर काय बिघडलं? परवा रात्रपाळीला स्वतः दमट शर्ट घालून गेले, तेव्हापासून गप्प आहेत.

२०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू झालं. सुटे भाग, दुरुस्ती, वॉरंटी यांची माहिती कंपन्यांनी लोकांना एका जागी द्यावी म्हणून. काल रात्री कपडे उलटे-पालटे करता करता मी ते उघडून बसले होते. मला दुसरं काय हवंय? एक सील, दोन बुश, एक मोटर, आणि काकांनी ती बसवली तर वॉरंटी जाणार नाही एवढा शब्द.

आज दुपारी १९१५ ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवली. मराठीत बोलता येतं, ज्यांना हिंदी-इंग्रजीची धास्ती वाटते त्यांनी खुशाल करा. तिथे काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि माझ्याकडे दोन्ही खोट्या 'क्लोज'चे मेसेज तारखेसकट आहेत. एकही पुसलेला नाही.

तक्रार नोंदवून तीन तास झाले नाहीत तोच सर्व्हिस सेंटरचा फोन. एकदम मऊ आवाज. 'ताई, उद्या सकाळी पहिली व्हिजिट तुमचीच. फक्त कोड सांगून ठेवा.'

नाही सांगितला. उद्या यायचं, मागचा पत्रा खोलायचा, मोटर बसवायची. मग मी सासूबाईंचं ओलं लुगडं त्या टबात टाकणार, पाच मिनिटं समोर उभी राहणार, आणि ते हाताला नुसतं गार लागलं तरच कोड देणार.