पिल्लू बलकातून होत नाही

लेख आवडला, पण 'अंड्यातल्या पिवळ्या बलकाचंच पुढे पिल्लू होतं' हे वाक्य तेवढं दुरुस्त करा. बलक ही शिदोरी. पिल्लू होतं ते बलकावरच्या पांढुरक्या ठिपक्यापासून, जेमतेम तीन-चार मिलिमीटरच्या. कोंबडा असलेल्या घरचं गावरान अंडं वाटीत अलगद फोडून बघा. ठिपक्याची बाजू हलकी असल्याने तो बहुतेकदा वरच येतो. फलित असेल तर कडेला वलय आणि मध्ये फिकट भाग दिसतो. पोल्ट्रीच्या अंड्यात नुसताच पांढरा, वेडावाकडा डाग असतो, कारण तिथे कोंबडा नसतोच.

दुसरं म्हणजे, उबवायला ठेवल्यावर वाढ 'सुरू' होत नाही. फलन कोंबडीच्या पोटात, कवच चढायच्या आधीच होतं आणि अंडं बाहेर येईपर्यंत त्या ठिपक्यात हजारो पेशी झालेल्या असतात. गारव्यात काम थांबतं, ऊब मिळाली की पुढे चालू. पहिल्याच दिवशी मधोमध एक रेघ उमटते. तिच्यातून पेशी आत सरकतात आणि तीन थर होतात: वरच्यापासून कातडी व मेंदू, मधल्यापासून हाडं, स्नायू, रक्त, आतल्यापासून आतड्याचं अस्तर. दुसऱ्या दिवशी हृदय धडधडायला लागतं!

बेडकाचं अंडं मात्र अख्खं विभागतं, कोंबडीत एवढ्या बलकामुळे ते जमत नाही. लेखातली आकृती बेडकाची आणि मजकूर कोंबडीचा, म्हणून गोंधळ झाला असावा. आकृती बदलता आली तर बघा.