वहीच्या डोक्यावरची ‘चाल’

गेले आठ महिने भांडी घासताना, इस्त्री करताना, ऑफिसला जाता-येता मी एकाच जातीची गाणी ऐकतेय. घरच्यांनाही ती आता पाठ झालीत. लिहीन लिहीन म्हणत राहून जात होतं, आज बसलेच.

सुरुवात लेकामुळे झाली. ‘पोर्टल’ हा २००७ सालचा व्हिडिओ गेम त्याने संपवला आणि “आई, इकडे ये, ऐक!” म्हणत पिठाच्या हातांसकट मला ओढून नेलं. त्या गेममधली खलनायिका म्हणजे एक यंत्र आहे. खेळ संपला, पडद्यावर नावं सरकायला लागली की ते यंत्र स्वतः गाणं म्हणतं, गोड आवाजात, मनातला राग गिळून. एका यंत्राच्या मनात शिरून कुणीतरी गाणं लिहिलंय, हेच मला फार भारी वाटलं. लिहिणारा जोनाथन कूल्टन. सॉफ्टवेअरची नोकरी सोडून त्याने वर्षभर दर आठवड्याला एक गाणं इंटरनेटवर टाकलं होतं. त्याची गाणी ऐकता ऐकता, एकातून दुसरं उघडत, मी ‘फिल्क’पाशी येऊन पोचले.

फिल्क म्हणजे विज्ञानकथा, अंतराळ, जादूच्या दुनिया यांच्या चाहत्यांनी स्वतःसाठी रचलेली गाणी. हा शब्दच टायपिंगच्या चुकीतून आलाय. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ली जेकब्ज नावाच्या चाहत्याने ‘फोक’ संगीतावर लेख लिहिला आणि टाइप करताना ‘फोक’चं ‘फिल्क’ झालं. इंग्रजी कीबोर्डवर ‘ओ’ आणि ‘आय’ शेजारी शेजारी असतात, बोट जरासं घसरलं. लेख छापलाच गेला नाही, पण शब्द लोकांना इतका आवडला की पुढे केरेन अँडरसन यांनी १९५३ मध्ये एका गाण्याला मुद्दाम ‘फिल्क साँग’ म्हणून छापलं. चुकीला हाकलून न देता तिला घरात घेणारी ही माणसं मला तिथेच आपली वाटली.

मग त्यांची गाण्यांची चोपडी बघितली आणि आजोबा आठवले. आजोबा भजनी मंडळात होते. त्यांच्या लांबट वहीत निळ्या शाईने भजन आणि डोक्यावर लाल पेन्सिलीने ‘चाल :’ लिहून कुठल्यातरी सिनेमातल्या गाण्याचे दोन शब्द. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांतही पदाच्या वर असंच छापलेलं असतं. फिल्कवाल्यांच्या चोपड्यांत गाण्याच्या डोक्यावर चार अक्षरं असतात, टी टी टी ओ. म्हणजे ‘टू द ट्यून ऑफ’. म्हणजे चाल! सातासमुद्रापलीकडच्या माणसांनी यानाची आणि रोबोंची गाणी लिहिताना तेच केलं, जे आजोबा विठ्ठलासाठी करायचे. ओळखीची चाल असली की पहिल्यांदा आलेला माणूससुद्धा दुसऱ्या कडव्याला सूर धरतो. परक्याला आत घ्यायची याहून सोपी युक्ती मला माहीत नाही.

सगळी गाणी काही उसन्या चालीवर नाहीत. लेस्ली फिश यांनी १९७० च्या दशकात अपोलो ११ वर रचलेलं ‘होप आयरी’ शब्दांसकट आणि चालीसकट त्यांचं स्वतःचं आहे. काळ सगळ्यांना हरवतो, पण माणूस एकदा चंद्रावर उतरला होता हे त्यालाही पुसता येणार नाही, असा त्याचा भाव. फिल्कवाल्यांचं ते जणू राष्ट्रगीतच.

पण मला धरून ठेवलं ते दुसऱ्या एका गाण्याने. ‘फायर इन द स्काय’. रचणारे जॉर्डिन केअर पेशाने भौतिकशास्त्रज्ञ होते. १ फेब्रुवारी २००३, शनिवार. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजत होते. कोलंबिया यान परतताना आकाशातच फुटलं आणि कल्पना चावलासह सातही जण गेले. माझी परीक्षा तोंडावर होती, पण हॉस्टेलच्या टीव्हीसमोरून आम्ही मुली रात्री उशिरापर्यंत हललो नाही. कल्पनाचा नारिंगी सूटमधला फोटो कितीतरी दिवस माझ्या कपाटाच्या दारावर होता. त्याच दिवशी तिकडे अमेरिकेत बझ ऑल्ड्रिन, चंद्रावर चाललेला दुसरा माणूस, टीव्हीवर बोलताना याच गाण्याच्या ओळी म्हणायला गेला आणि त्याचा गळा दाटून आला. मला हे कळलं वीस-बावीस वर्षांनी, रात्री अकरा वाजता, ओट्याशी उभी असताना. नळ तसाच चालू होता. चाहत्यांनी हौसेखातर जपलेलं एक गाणं, आणि ज्या दिवशी शब्द सापडत नव्हते त्या दिवशी चंद्रावर जाऊन आलेल्या माणसाला तेच आठवलं.

म्हणूनच कुणी “हे काय पोरकट” म्हणालं की मला खरोखर वाईट वाटतं. आपल्या बायकांनी जात्यावर सीतेचा वनवास गायला, तो काय करमणूक म्हणून? सीतेचं दुःख त्यांनी स्वतःचं करून घेतलं आणि पोथीत नसलेलं तिच्या तोंडी घातलं. एखाद्या गोष्टीवर जीव जडला की माणसाला ती नुसती ऐकून पुरत नाही, तिच्यात आपलं काहीतरी मिसळावंसं वाटतं. मॅसॅच्युसेट्समधल्या पॉल आणि जो डिजॉर्ज या दोन भावांनी २००२ मध्ये ‘हॅरी अँड द पॉटर्स’ नावाचा बँड काढला. एक भाऊ शाळेच्या चौथ्या वर्षातला हॅरी पॉटर, दुसरा सातव्या वर्षातला! पट्ट्यापट्ट्यांचे टाय लावून ते सार्वजनिक वाचनालयांत गायचे. वाचनालयात मुलं नाचतायत, हे चित्र मला कुठल्याही मोठ्या स्टेडियमपेक्षा मोलाचं वाटतं.

आणि यांची बैठक! ओहायोत कोलंबस शहराजवळ दरवर्षी फिल्कचा मोठा मेळावा भरतो, १९८४ पासून ‘पेगॅसस’ पुरस्कारही तिथेच देतात. पण खरी मजा रात्री. गोल करून बसायचं आणि पाळी फिरत जाते. पाळी आली की तीन वाटा, स्वतः गा, दुसऱ्या कुणाकडे फर्माईश कर, नाहीतर पुढे सोड. आवाज कसाही असला तरी पाळी सगळ्यांना मिळते. आपल्याकडे गळा चांगला नसलेल्या मुलीला कुणीतरी लहानपणीच गप्प करतं, आणि ती जन्मभर गप्पच राहते. अशा कितीजणी मी पाहिल्यात.

परवा कोजागिरीला गच्चीवर मी हाच नियम लावला. विषय एकच, आकाश. पोरांनी धमाल केली, लेकाने ‘पोर्टल’चं गाणं म्हटलं. पाळी मावशीकडे आली. वय शहात्तर, आयुष्यात चारचौघांत गायलेली नाही. “मला नको गं, पुढे जाऊ दे,” म्हणाली. गेली पुढे. पाळी दुसऱ्यांदा फिरून आली तेव्हा तिने पदर सारखा केला आणि खाली बघत, अगदी हळू म्हणाली,

पहिली माझी ओवी गं, विक्रम बाळाला
चंद्राच्या अंगणात अलगद उतरला

दुसरी माझी ओवी गं, प्रज्ञान चालतो
मातीत चाकांची नक्षी गं काढतो

तिसरी माझी ओवी गं, थंडीत निजला
हाका मारल्या तरी नाही गं उठला

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान उतरलं तेव्हा आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. सप्टेंबरात चंद्रावरची रात्र संपली, इस्रोने हाका मारल्या, पण विक्रम आणि प्रज्ञान जागे झाले नाहीत. ती बातमी आम्ही विसरून गेलो होतो. मावशी विसरली नव्हती.

थोडा वेळ कुणीच पाळी पुढे नेली नाही. मी खाली जाऊन लेकाची कोरी वही आणली, मावशीकडून तिन्ही ओव्या पुन्हा म्हणवून घेऊन उतरवल्या, आणि डोक्यावर लिहिलं, चाल : जात्यावरची.