बुलेट, किक आणि अप्पांचा घोटा

आज सकाळी सकाळी डोकं फिरलं. लेक नव्या बुलेटवरून मला टपरीपाशी सोडून निघाली होती. बटण दाबलं, गाडी चालू. तर शेजारचा एक दाढीवाला तिला म्हणतो, "ताई, ही कसली बुलेट? खरी बुलेट किकची. गिअर उजव्या पायात!" ती हसली आणि गेली. मला मात्र चहा गोड लागेना.

अरे, तू रोज मारलीस का रे किक? आमच्या अप्पांनी मारली. १९८६ ची काळी बुलेट. किक हळूहळू दाबत अँपिअर मीटरचा, म्हणजे करंट दाखवणारा, काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारी छोटी दांडी, ओढून किंचित पुढं सरकवायची, मग डिकॉम्प सोडून अंगाचा सगळा भार टाकून एकच दणका. आम्ही पोरं श्वास रोखून बघायचो.

१९९१ च्या पावसाळ्यात रात्री आक्काला विंचू चावला. अप्पांनी घाईत मीटरचा काटा बघितलाच नाही. किक उलटून पायावर आली. उजवा घोटा टम्म फुगला. आणि गिअर त्याच पायात! पहिला वर, बाकीचे खाली. प्रत्येक गिअरला ओठ चावत ते कराडपर्यंत गेले. आक्का वाचली. अप्पा पुढं महिनाभर लंगडत होते, पण गाडीला कधी शिवी दिली नाही. म्हणायचे, चूक माझी.

नव्या ३५० ला किकच नाही. २०२३ पासून बुलेटमध्ये आलेलं हे जे-सिरीज इंजिन ३४९ सीसीचं, पाच गिअर, तेही डाव्या पायात. पुढं डिस्क ब्रेक, आणि जोरात दाबला तरी चाक अडकू न देणारं एबीएस. आत थरथर कमी करणारा बॅलन्सर आहे म्हणून हात बधिर होत नाहीत, आरशात मागचा माणूस ओळखू येतो. माझी पोर रात्री दहाला एकटी घरी येते ती याच्या जिवावर. बुलेट नाही म्हणे!

हां, आवाज. मान्य. तो डुगडुग आता नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडी आली की आई कुकर खाली उतरवायची, इतका तो ओळखीचा होता. लिहिताना सुद्धा ऐकू येतोय, काय करू.

पण त्या आवाजाच्या आधी रोज एक किक होती हो. ती कुणाला आठवत नाही. आठवतो फक्त डुगडुग.

काळी अजून आमच्या गोठ्यात आहे. रविवारी बाहेर काढणार आहे. दाढीवाल्या भाऊंनी जरूर यावं. चहा माझा, किक त्यांची.